विश्लेषण : खासगी रेल्वेचे समर्थक असूनही भारतीय रेल्वे सरकारने चालवावी असे सांगणारे विल्यम ॲकवर्थ कोण होते?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना एक ओळ पाठच असते : ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनुसार १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा झाला. उत्तरपत्रिकेत तेवढे पुरते. पण या समितीला विचारलेला पहिला प्रश्न निराळाच होता. सरकारच्या मालकीची रेल्वे सरकारने स्वतः चालवावी की कंपनीकडून चालवून घ्यावी, हा तो प्रश्न. समितीचे अध्यक्ष सर विल्यम ॲकवर्थ यांनी त्याचे जे उत्तर दिले, ते त्यांच्या आधीच्या तीस वर्षांच्या लेखनाच्या नेमके उलट होते. सरकारी रेल्वेचा जगभर विरोध करणाऱ्या माणसाने भारतात मात्र सरकारी रेल्वेची शिफारस का केली? आज ब्रिटन प्रवासी गाड्यांची खासगी कंत्राटे संपवून त्या पुन्हा सरकारकडे घेत असताना, आणि भारतात खासगी गाड्यांचा प्रयोग अडखळला असताना, ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

वडाळ्याचे ॲकवर्थ तेच का?

नाही. मुंबईत ॲकवर्थ हे नाव वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयामुळे ओळखीचे आहे. ते नाव हॅरी ॲकवर्थ यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मुंबईचे महापालिका आयुक्त होते आणि मराठी पोवाडे गोळा करण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता. रेल्वे समितीचे अध्यक्ष विल्यम मिचेल ॲकवर्थ हे वेगळे. ते कधीही भारतात नोकरीला नव्हते. १९२० मध्ये समितीच्या कामासाठी ते भारतात आले, तेव्हा त्यांचे वय ७० होते.

शिक्षकाचे रेल्वेतज्ज्ञ कसे झाले?

विल्यम ॲकवर्थ यांचा जन्म १८५० चा, इंग्लंडमधील एका धर्मगुरूच्या घरातला. ऑक्सफर्डला शिक्षण झाल्यावर पुढे जर्मनीचा सम्राट झालेला राजपुत्र विल्हेम आणि त्याचा भाऊ हेन्री यांना त्यांनी काही काळ शिकवले. त्यानंतर लंडनच्या डलिच कॉलेजात शिक्षकाची नोकरी केली. १८९० मध्ये ते बॅरिस्टर झाले. लंडन कौंटी कौन्सिलचेही ते सदस्य होते.

रेल्वेत त्यांनी कधी नोकरी केली नाही. ते अभियंतेही नव्हते. तरीही १८८९ मध्ये इंग्लंडच्या आणि १८९० मध्ये स्कॉटलंडच्या रेल्वेवर त्यांनी लिहिलेली पुस्तके गाजली. रेल्वेचे अर्थशास्त्र हा पुढे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते हा विषय शिकवत. १९०५ मध्ये त्यांनी त्यावर पाठ्यपुस्तकही लिहिले.

त्यांचा आग्रह एका साध्या गोष्टीचा होता : रेल्वेने आपले काम नीट मोजावे. किती टन माल चढवला एवढे सांगून भागत नाही, तो किती अंतर नेला हेही सांगितले पाहिजे. १०० टन माल १० मैल नेला किंवा १० टन माल १०० मैल नेला, तरी काम सारखेच, म्हणजे १,००० टन-मैल. हा हिशेब असेल तरच एका मार्गावर दर टन-मैलामागे किती खर्च येतो आणि कुठे गळती होते ते कळते. ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्या असा हिशेब ठेवायला तयार नव्हत्या. ॲकवर्थ यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. आज भारतीय रेल्वे मालवाहतुकीचे काम टन-किलोमीटरमध्ये मोजते, ते याच विचाराने.

सरकारी रेल्वेला त्यांचा विरोध का होता?

ॲकवर्थ यांनी युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील रेल्वेचा अभ्यास केला होता. लोकशाही देशात सरकारने रेल्वे चालवली की राजकारण तिच्यात शिरते, असे त्यांचे मत होते. नवा मार्ग गरज असेल तिथे न जाता मतदारसंघ असेल तिथे जातो. भाडे किती असावे हे खर्चावर ठरत नाही, दबावावर ठरते. नोकरभरतीतही तेच होते. शिवाय रेल्वेचा नफा-तोटा देशाच्या तिजोरीत मिसळला की काम चांगले झाले की वाईट, हेच कुणाला कळत नाही.

आयर्लंडच्या रेल्वेचे काय करावे यासाठी १९०६ मध्ये एक आयोग नेमला गेला. त्यातील बहुसंख्य सदस्यांनी सरकारी खरेदीची शिफारस केली. ॲकवर्थ अल्पमतात राहिले आणि त्यांनी विरोधी अहवालावर सही केली. १९१७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढेही त्यांनी सरकारी मालकीच्या विरोधात साक्ष दिली. तिथे त्यांनी मांडलेला वेगवेगळ्या देशांचा इतिहास १९२० मध्ये पुस्तकरूपाने आला. त्याच वर्षी त्यांना भारताच्या समितीचे अध्यक्ष करण्यात आले.

मधल्या काळात कॅनडात त्यांच्या भूमिकेला पहिला तडा गेला होता. तिथल्या काही मोठ्या खासगी रेल्वे कंपन्या कर्जात बुडाल्या होत्या आणि सरकारी मदतीवर तग धरून होत्या. १९१७ च्या आयोगात ॲकवर्थ आणि हेन्री ड्रेटन यांनी या कंपन्या सरकारने ताब्यात घ्याव्यात असे सुचवले. मात्र त्या मंत्र्यांच्या हाती देऊ नयेत, राजकारणापासून दूर असलेल्या स्वतंत्र विश्वस्त मंडळाने चालवाव्यात, अशी अट त्यांनी घातली. तिसऱ्या सदस्याने असहमती नोंदवली. पुढे कॅनेडियन नॅशनल रेल्वे उभी राहिली, तिच्यामागे हा अहवाल होता.

भारतात रेल्वे नेमकी कोणाची होती?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी या कंपनीची होती. कंपनी खासगी आणि भागधारक मुख्यतः इंग्लंडमधले. पण १८४९ च्या करारानुसार सरकारने तिला जमीन फुकट दिली आणि गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली. भागधारकाने १०० पौंड गुंतवले की वर्षाला ५ पौंड नक्की मिळणार, गाडी भरून धावो की रिकामी. कमाई कमी पडली तर फरक भारताच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या करदात्याच्या खिशातून जाई. खर्च आटोक्यात ठेवण्याचे कारणच कंपन्यांना उरले नव्हते. सुरुवातीच्या मार्गांचा खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वाढला.

करारात ठरावीक मुदतीनंतर रेल्वे विकत घेण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता. त्यानुसार १८८० मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे आणि १९०० मध्ये जीआयपी सरकारच्या मालकीची झाली. पण गाड्या चालवण्याचे काम सरकारने पुन्हा त्याच नावाच्या कंपन्यांना करारावर दिले. रूळ, पूल, स्थानके, इंजिने यांत सरकारचा पैसा. कंपनीचे भांडवल त्या मानाने किरकोळ. त्यावर तिला निश्चित व्याज आणि वर नफ्यातील छोटा वाटा. मालकी सरकारची आणि चालवणारी कंपनी, अशी आज ज्याला फ्रँचायझी म्हणतात त्याच्या जवळ जाणारी ही व्यवस्था होती. १९२० पर्यंत देशात सुमारे ३७ हजार मैल रेल्वे झाली होती. त्यातील बहुतांश सरकारच्या मालकीची होती, पण मोठा भाग कंपन्या चालवत होत्या.

समिती नेमण्याची वेळ का आली?

ईस्ट इंडियन रेल्वेचा करार १९१९ अखेर संपत होता. तो पाच वर्षे वाढवला गेला. जीआयपीचा करार १९२५ च्या मध्यावर संपणार होता. पुढे काय, हे ठरवणे भाग होते.

दुसरीकडे लोकांचा संताप वाढत होता. रेल्वेचे बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाचे. त्यांच्या भाड्यावर रेल्वे चालायची, पण गर्दी, घाण आणि अपमान त्यांच्याच वाट्याला यायचा. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर स्वतंत्र लेख लिहून ही स्थिती मांडली. व्यापाऱ्यांची तक्रार वेगळी होती. बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला आणि बंदरातून येणाऱ्या विलायती मालाला स्वस्त दर, तर देशातल्या देशात माल पाठवायचा तर जास्त दर, असे त्यांचे म्हणणे होते. वरच्या जागांवर भारतीय जवळपास नव्हतेच.

त्यात पहिले महायुद्ध झाले. इथले रूळ, इंजिने आणि डबे युद्धभूमीवर पाठवले गेले. नवे सामान येणे थांबले.

ॲकवर्थ यांना काय दिसले?

समितीत दहा सदस्य होते. श्रीनिवास शास्त्री, मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकूरदास आणि कोलकात्याचे उद्योजक राजेंद्रनाथ मुखर्जी हे त्यातील भारतीय सदस्य. १९२०-२१ च्या हिवाळ्यात समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. अहवालात रेल्वेची अवस्था स्पष्ट लिहिली आहे. नव्या गाड्यांचे वजन पेलू न शकणारे कितीतरी पूल, झिजलेले रूळ, केव्हाच भंगारात जायला हवी होती अशी शेकडो इंजिने आणि हजारो वाघिणी तशाच वापरात होत्या.

याचे मूळ ॲकवर्थ यांना पैशाच्या व्यवस्थेत सापडले. रेल्वेला पैसा दरवर्षी सरकारच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातून मिळे. दुष्काळ पडला, सरहद्दीवर लढाई झाली की रेल्वेच्या तरतुदीला कात्री लागे. ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम परत जाई. पूल बांधायला तीन-चार वर्षे लागतात, इंजिनाची मागणी नोंदवल्यावर ते यायला वेळ लागतो. पुढच्या वर्षी पैसा मिळेल की नाही हेच माहीत नसेल, तर कोणीही नीट नियोजन करू शकत नाही.

कंपन्यांबद्दल त्यांना दिसले ते त्याहून महत्त्वाचे होते. खासगी कंपनीच्या बाजूने त्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा की ती स्वतःचा पैसा धोक्यात घालते, म्हणून जपून खर्च करते आणि झटपट निर्णय घेते. भारतातील कंपन्यांचा स्वतःचा पैसा धोक्यात नव्हताच. त्यांची संचालक मंडळे लंडनमध्ये बसत. मोठ्या खर्चाचा प्रस्ताव लंडनचे मंडळ, भारतातील रेल्वे बोर्ड, सरकारचे अर्थ खाते आणि लंडनमधील भारतमंत्री अशा अनेक टेबलांवरून फिरे. खासगी उद्योगाची चपळाई त्यात नव्हती. सरकारी खात्याचे उत्तरदायित्वही नव्हते, कारण प्रवाशाने तक्रार केली तर कंपनी सरकारकडे बोट दाखवी आणि सरकार कंपनीकडे.

अहवालात काय होते?

लंडनमधून कारभार चालवणाऱ्या कंपन्यांची पद्धत बंद व्हावी, यावर समितीचे एकमत झाले. पुढची व्यवस्था कशी असावी यावर मात्र फूट पडली. निम्म्या सदस्यांना भारतात नोंदणी झालेल्या कंपन्यांकडे काही मार्ग द्यावेत असे वाटत होते. अध्यक्ष ॲकवर्थ, शास्त्री आणि ठाकूरदास यांच्यासह उरलेल्या निम्म्यांनी थेट सरकारी व्यवस्थापनाची शिफारस केली. करार संपत जातील तशी एकेक रेल्वे सरकारने चालवायला घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. भारतीय जनमत जवळपास एकमुखाने सरकारी व्यवस्थापन मागत होते, हेही ॲकवर्थ यांनी महत्त्वाचे मानले.

या शिफारशीला अटी जोडलेल्या होत्या आणि त्यांवर सगळी समिती एकत्र होती. रेल्वेचा हिशेब सरकारच्या हिशेबापासून वेगळा करावा. रेल्वेने कर्जावरचे व्याज द्यावे, जुन्या सामानाच्या बदलीसाठी घसारा निधी ठेवावा आणि उरलेला पैसा स्वतःच्या गरजेनुसार वापरावा. रेल्वे बोर्डाला रोजच्या परवानग्यांच्या जाळ्यातून सोडवावे. दरांच्या तक्रारी ऐकायला न्यायाधिकरण असावे. प्रवासी आणि व्यापाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी केंद्रात आणि प्रत्येक रेल्वेवर सल्लागार समित्या असाव्यात. आज प्रत्येक रेल्वे विभागात असणाऱ्या प्रवासी सल्लागार समित्यांचा उगम याच कल्पनेत आहे.

योगायोग असा की त्याच १९२१ मध्ये ब्रिटनने उलटा निर्णय घेतला. युद्धकाळात सरकारच्या नियंत्रणाखाली असलेल्या तिथल्या रेल्वे कायद्याने चार मोठ्या खासगी कंपन्यांत एकत्र करण्यात आल्या.

पुढे काय झाले?

केंद्रीय विधिमंडळाने फेब्रुवारी १९२३ मध्ये ईस्ट इंडियन आणि जीआयपी रेल्वे सरकारने चालवाव्यात, असा कौल दिला. सप्टेंबर १९२४ मध्ये रेल्वेचा हिशेब वेगळा करण्याचा ठराव झाला. रेल्वेने आपल्या व्यापारी मार्गांच्या भांडवलावर १ टक्का आणि अतिरिक्त नफ्याचा पाचवा हिस्सा सरकारला द्यावा, लष्करी गरजेच्या मार्गांचा तोटा सरकारने सोसावा, असे सूत्र ठरले.

१ जानेवारी १९२५ रोजी ईस्ट इंडियन रेल्वे सरकारकडे आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला देशातील पहिली विजेवरची गाडी धावली, तेव्हा जीआयपी अजून कंपनीच्या हाती होती. १ जुलै १९२५ पासून तीही सरकार चालवू लागले. पश्चिम किनाऱ्याची बीबीसीआय रेल्वे १९४२ मध्ये आली. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे आणि बीबीसीआयची पश्चिम रेल्वे झाली.

जीआयपीचा ताबा सरकारकडे जाताना ॲकवर्थ यांना पाहता आला नाही. अखेरच्या वर्षांतही ते कामात होते. राष्ट्रसंघाच्या वतीने त्यांनी ऑस्ट्रियाच्या तोट्यातील सरकारी रेल्वेचा अभ्यास केला. १९२४ मध्ये युद्धभरपाईच्या डॉज योजनेसाठी जर्मन रेल्वेच्या फेररचनेचा अहवाल त्यांनी फ्रेंच तज्ज्ञ लेव्हर्व यांच्यासोबत लिहिला. त्यातून जर्मन रेल्वे सरकारच्या मालकीची, पण स्वतंत्र कंपनी म्हणून चालू लागली. २ एप्रिल १९२५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अटी पाळल्या गेल्या का?

अर्ध्याच. १९३० च्या दशकातील मंदीत रेल्वेची कमाई घसरली, सरकारला द्यायचा हिस्सा थांबला आणि घसारा निधीतून उचल करावी लागली. स्वातंत्र्यानंतर वेगळा अर्थसंकल्प कायम राहिला, पण नव्या गाड्या आणि नव्या मार्गांच्या घोषणांचे ते मोठे व्यासपीठ झाले. प्रवासी भाडे वर्षानुवर्षे खर्चापेक्षा कमी ठेवले गेले आणि ती तूट मालवाहतुकीच्या कमाईतून भरली गेली. ॲकवर्थ यांना ज्या राजकारणाची भीती होती, ते रेल्वेत आलेच. अखेर २०१७ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प पुन्हा सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला.

विदर्भातील यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे मात्र या सगळ्यातून निसटली. तिची मालकी ब्रिटिशकालीन खासगी कंपनीकडे राहिली आणि गाडी चालवत होती सरकारी मध्य रेल्वे. जीआयपीच्या जुन्या व्यवस्थेचे हे उलटे रूप. इथेही मार्गाच्या देखभालीवर पैसा घालायचा कोणी, हा प्रश्न सुटला नाही आणि गाडी बंद पडली.

आजच्या वादात ॲकवर्थ का आठवावेत?

ब्रिटनने १९९३ च्या कायद्याने प्रवासी गाड्या खासगी कंपन्यांना ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर दिल्या. करोनाकाळात प्रवासी घटताच तिकिटांच्या कमाईची जोखीम सरकारने स्वतःकडे घेतली आणि कंपन्यांना शुल्क देऊन गाड्या चालू ठेवल्या. जोखीम सरकारचीच असेल तर कंपनी कशाला, हा प्रश्न तिथे जोर धरू लागला. २०२४ च्या नव्या कायद्यानंतर २५ मे २०२५ रोजी साऊथ वेस्टर्न रेल्वे ही त्या कायद्याखाली सरकारकडे आलेली पहिली सेवा ठरली.

भारतात २०२० मध्ये १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्या चालवण्यासाठी रेल्वे मंत्रालयाने प्रस्ताव मागवले. त्यासाठी मार्गांचे १२ समूह केले होते. २०२१ मध्ये बोली उघडल्या, तेव्हा १२ पैकी मोजक्याच समूहांसाठी बोली आल्या. रूळ, सिग्नल आणि वेळापत्रक रेल्वेच्या हाती, तर भाड्याच्या कमाईची जोखीम कंपनीवर, ही विभागणी उद्योगांना परवडणारी वाटली नाही. मुंबई-अहमदाबाद तेजस ही बिगररेल्वे चालकाची म्हणून गाजलेली गाडी आयआरसीटीसी चालवते, जिच्यात सर्वात मोठा भागधारक केंद्र सरकारच आहे.

शंभर वर्षांपूर्वी ॲकवर्थ यांनी भारतात जे तपासले, ते आजच्या कोणत्याही कंत्राटात तपासता येते. तोटा झाला तर पैसे कोणाचे जातात? पुढच्या पाच वर्षांच्या दुरुस्तीचा पैसा कोणाच्या हाती आहे आणि तो मध्येच कापला जाऊ शकतो का? गाडी उशिरा आली, डबा गळका निघाला, तर प्रवाशाला उत्तर देणारा एकच कोणी आहे का? जीआयपीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर करदाता असे होते, दुसऱ्याचे अर्थ खाते आणि तिसऱ्याचे कोणीच नाही. ती उत्तरे पाहूनच खासगी रेल्वेच्या या कट्टर समर्थकाने कंपनीचा करार पुढे वाढवू नये, असे सांगितले.